मागच्या दिव्यांचा फ्यूज

सोमवार, ३ तारीख

पुन्हा तोच फ्यूज. खालच्या रांगेतला, लाल, दहा अँपिअरचा. मागचे दोन्ही दिवे, नंबरप्लेटचा दिवा आणि समोरच्या मीटरच्या काट्यांमागचा उजेड, एवढं सगळं त्याच्या जिवावर चालतं. तो गेला की बाबांची गाडी पुढून दिसते आणि मागून काहीच दिसत नाही.

बाबा पहाटे अंधारात नर्सबाईंना घरोघरून घेतात आणि हॉस्पिटलात ड्यूटीवर सोडतात. शनिवारी मागून येणारा ट्रक हातभर अंतरावर थांबला म्हणे. आज हॉस्पिटलच्या गाड्या बघणाऱ्या साहेबांनी तोंडावर सांगितलं, मागचे दिवे असेच बंद पडत राहिले तर महिनाअखेर ही गाडी फेरीवरून काढणार. फेरी गेली तर पुढे काय? आई भांडी घासत होती, ती घासतच राहिली.

बाबा म्हणाले, "इलेक्ट्रिशियनकडे टाकतो."

"घरात इलेक्ट्रिकलची पदवीधर असताना?"

"पदवी भिंतीवर आहे बाळ, फ्यूज गाडीत आहे."

ते हसत म्हणाले, पण मला लागलं. चोवीस तारखेला मला नोकरीवर हजर व्हायचंय, दुसऱ्या गावी, यंत्रं तपासणाऱ्या कंपनीत. मुलाखतीत मी ताठ मानेने सांगून आलेय की दोष शोधणं मला आवडतं. आमच्याकडे कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. घरच्या गाडीतला शॉर्ट सापडत नसेल तर तिकडे कोणत्या तोंडाने जाऊ?

कुठलाही दोष लहर आली म्हणून होत नाही. त्याला कारण असतं, आणि कारणाला जागा असते. ती जागा मी चोवीसच्या आत शोधणार.

बुधवार, ५

मी शिकवते त्या क्लासवरून आल्यावर बाबांची उलटतपासणी घेतली. फ्यूज नेमका कुठे उडतो?

"पुलावर. त्या पट्ट्या येतात ना, धडधड होतं, तिथे."

पुलावर धडधड, म्हणजे हादरा. हादऱ्याने हलणारी वायर कुठली, तर डिकीच्या झाकणाकडे जाणारी. मी डिकीचं अस्तर काढलं, बिजागरीपाशी वायरींचा जुडगा सोडवला. एका वायरीचं वेष्टण खरंच तडकलेलं होतं. मी इतकी जोरात हाक मारली की आई पिठाच्या हातांनीच धावत आली.

"सापडला?"

"सापडला."

आईचा चेहरा असा सुटला, जणू ताप उतरला. तिला गाडीतलं काय कळतं, पण तिच्याइतकी आस बाबांनाही नसावी. वायर गुंडाळली, अस्तर लावलं. बाबांना म्हटलं, आता बिनधास्त जा.

शुक्रवार, ७

काल नाही उडाला. आज उडाला.

"पुलावर?"

"नाही. आज पूल नीट गेला. पेट्रोल पंपाच्या वळणावर गेला."

वळणाचा आणि डिकीचा काय संबंध? मी चिडून विचारलं, "नक्की तिथेच? तुम्ही बघितलंत?" बाबा म्हणाले, "मी नाही तर कोण बघणार?" आणि उगाच खाकरले.

सुट्या भागांच्या दुकानात फ्यूज आणायला गेले. दुकानदार म्हणाला, "ताई, तोंडी लावायला नेता की काय?" मी हसले नाही. त्याने वर पंधराचा घाला म्हणून सल्ला दिला, उडायचा प्रश्नच मिटेल. म्हणजे फ्यूजऐवजी वायर जळेल. असं बोलणाऱ्या माणसांमुळे गाड्या पेटतात. मी त्याला हे समजावून सांगितलं, चांगलं सविस्तर. त्याने मागच्या गिऱ्हाइकाला आधी घेतलं.

घरात एकच गोष्ट सरळ चाललीय. आई हल्ली पहाटे फिरायला जाते. मी किती वर्षं मागे लागले होते. बूटही घेतलेत. बाबा गाडी घेऊन निघाले की मागोमाग ती बाहेर पडते आणि उजाडल्यावर येते. एवढं चालूनही दमलेली दिसत नाही. फक्त खांदे आखडतात म्हणते. चालताना हात कसे हलवायचे हे दाखवायला हवं तिला.

रविवार, ९

आज पद्धतशीर काम. फ्यूजच्या जागी हेडलाइटचा जुना बल्ब जोडला. शॉर्ट नसेल तर तो मिणमिणतो, शॉर्ट झाला की लख्ख पेटतो. फ्यूज एकामागून एक जाळत बसावं लागत नाही. मग एकेक वायर हलवत, दाबत, ठोकत गाडीभर फिरले. बल्ब आपला मिणमिणतोय. जणू माझ्याकडे बघून डोळे किलकिले करतोय.

मागच्या सीटवर बाबांनी नर्सबाईंसाठी याच फ्यूजवरून वायर ओढून एक छोटा दिवा स्वतः बसवलाय, पर्समधलं काही शोधायला. माझा संशय त्याच्यावर. जोड काढून दिवाच खाली उतरवला. संशयित कोठडीत. आता उद्या उडाला नाही तर चोर तोच.

मागच्या दिव्याच्या होल्डरचा एक सुटलेला जोड डाग देऊन पक्का करत होते, बाबा शेजारी उभे राहून तार धरत होते. माझ्या हातून डागकामाच्या कथलाचा थेंब खाली पडला, थेट त्यांच्या उघड्या पावलावर. मी किंचाळले. बाबांनी माझ्याकडे बघितलं, "काय झालं?" मग मी बोट दाखवलं तेव्हा त्यांनी पाय झटकला. हूं की चूं नाही. या माणसाची सहनशक्ती मला पूर्वीपासून ठाऊक आहे, पण आज खरंच कौतुक वाटलं. माझं नुसतं गरम तव्याला बोट लागलं तरी मी घर डोक्यावर घेते.

आईला मात्र काय झालं, मला कळलं नाही. फोड बघितल्यावर ती माझ्यावर अशी तुटून पडली की शेजारची खिडकी उघडली. "पायाशी खेळ नको, कितीदा सांगायचं? लक्ष कुठे असतं तुझं?" मला कुणी एकदाही सांगितलेलं नव्हतं. बाबांच्या रक्तात साखर आहे, जखमा उशिरा भरतात, हे मान्य. पण एका थेंबासाठी एवढं? मी जेवले नाही. नंतर भूक लागली म्हणून जेवले.

सोमवार, १०

उडाला. दिवा नसताना उडाला. संशयित निर्दोष. दिवा परत जागेवर लावला.

बुधवार, १२

आता प्रयोगच करायचा ठरवला. बाबांना म्हटलं, उद्या पहाटे मी येते फेरीला. दोघंही एकदम म्हणाले, "नको." बाबा म्हणाले जागा नसते, आई म्हणाली तुझी झोप मोडेल. झोपेची काळजी! पदवीच्या परीक्षेला मला पहाटे उठवायला हीच बाई पाणी शिंपडायची.

मग संध्याकाळी मीच गाडी काढली. बाबांनी कॉलेजात असताना शिकवलं होतं मला. पूर्वी ते स्टिअरिंग कुणाच्या हाती द्यायचे नाहीत, मी चालवताना त्यांचा हात हँडब्रेकवर असायचा. आज मुकाट्याने किल्ली दिली आणि शेजारी बसले. उंचीने मी त्यांच्यावर गेलेय, त्यामुळे सीटला हातही लावावा लागला नाही. दिवे लावून पुलावरून गेले, परत आले, पुन्हा गेले. पंपाच्या वळणावर चक्कर आली म्हणावं इतक्या चकरा मारल्या. पंपावरचा माणूस म्हणाला, "काही हरवलंय का?"

फ्यूज ठणठणीत.

गाडी तीच, रस्ता तोच, वेग तोच, दिवे चालू. सगळं तेच ठेवलं तर निकालही तोच यायला हवा. चार वर्षं मी हेच शिकले. मग काय राहिलं? मी घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले. खरं सांगायचं तर फ्यूजसाठी नाही. मला वाटलं, मी नुसती पाठांतरावर पास झालेय आणि हे तिकडच्या लोकांना पहिल्या आठवड्यात कळेल.

गुरुवार, १३

उडाला. आज पोस्टासमोरच्या खड्ड्यात. माझ्या हातात न उडणारा फ्यूज बाबांच्या हातात उडतो. बाबा म्हणाले, "तुला घाबरतो तो."

मला हसू आलं नाही.

शुक्रवार, १४

बाजारात मोठ्या सिस्टर भेटल्या. फेरीच्या गाडीत पुढे कोण, खिडकीशी कोण, हे सगळं त्याच ठरवतात. मी फ्यूजबद्दल माफी मागितली.

"अगं, त्याचं सोड. गाडी काय अलगद जाते हल्ली! पूर्वी तुझे बाबा खड्ड्यातून काढायचे तेव्हा आमची हाडं मोजून व्हायची. आता मांडीवरचा डबा हलत नाही."

"पण शॉकअप्स तर जुनेच आहेत."

"असतील." त्या भाजीवाल्याकडे बघत म्हणाल्या. "फक्त सिग्नलला बंद पडते एखाद्या वेळेस. मग मागचे हॉर्न देतात, तेव्हा मी काच खाली करून त्यांना देते उत्तर. होईल सवय हळूहळू."

"कशाची सवय?"

"आम्हाला गं, आम्हाला." आणि त्यांनी वांगी निवडायला घेतली.

इंजिन सिग्नलला बंद पडतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं! म्हणजे आणखी एक दोष. कदाचित मूळ एकच असेल, अर्थिंगचं. या घरात माहिती ही चिमटा घेतल्याशिवाय बाहेर येत नाही.

संध्याकाळी वेगळंच. मी अंगणातून आत येत होते आणि आई स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत होती. "तिला कळलं तर ती जायची नाही. बॅग उघडून बसेल."

बाबा म्हणाले, "म्हणून तर. चोवीसपर्यंत रेटायचं."

मी पाऊल वाजवलं तेव्हा गप्प झाले. डोक्यात लख्ख उजेड पडला. हे गाडी विकणार आहेत. फ्यूज सापडत नाही म्हणून हार मानलीय, आणि मी गेल्यावर गुपचूप विकणार. म्हणजे सगळं माझ्यावर येऊन ठेपलं. माझ्यावर त्यांचा विश्वास नाही, याचं जास्त वाईट वाटलं की गाडीचं, ते ठरवता येईना.

रविवार, १६

सापडला.

पुन्हा बल्ब जोडून बसले होते. डॅशबोर्डखालून वायरी चाचपताना हातातली पक्कड निसटून ड्रायव्हरच्या सीटखाली गेली. मागून हात पोचेना, म्हणून सीटचा खटका ओढून सीट पार पुढे सरकवली आणि तिच्यावर कोपर टेकून वाकले. बल्ब लख्ख पेटला. कोपर काढलं, मिणमिण. टेकलं, लख्ख. सीट मागे घेतली आणि तिच्यावर उड्या मारल्या. काही नाही. पुढे घेतली, बसले, गुडघे स्टिअरिंगला अडकले पण बल्ब पेटला.

गालिचा उचलला. बाबांनी मागच्या सीटवरच्या त्या छोट्या दिव्यासाठी टाकलेली वायर सीटखालून गेलीय. सीट पुढे घेतली की तिचा मागचा पाय नेमका त्या वायरीवर येतो. वर माणसाचं वजन आणि खाली खड्डा, की तांबं पत्र्याला टेकतं. मी दिवा काढला होता, पण दिव्याची वायर तशीच जिवंत ठेवली होती! टोकाला काही नसलं म्हणजे वायरीत काही नाही, असं समजून मोकळी झाले. पहिल्या वर्षाच्या पोराने असं केलं असतं तर मी त्याला हसले असते.

वायर ओढून बाजूने नेली, नवं वेष्टण घातलं, पट्टीने पक्की केली. सीट पुढे-मागे करून बघितली. बल्ब मिणमिण. आयुष्यात एवढी सुंदर मिणमिण बघितली नव्हती.

मग लक्षात आलं. बाबांची सीट कायम मागे असते. पुढे कोण घेतं?

जेवताना विचारलं. बाबा म्हणाले, "गॅरेजवाला घेत असेल, धुताना." आई त्याच क्षणी म्हणाली, "मीच घेते, झाडायला." दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि पाणी प्यायले.

बाबा दुसऱ्या कुणाला तरी गाडी चालवायला देताहेत. बुटक्या कुणाला तरी. मला खोटं सहन होत नाही. उद्या पहाटे बघतेच.

सोमवार, १७

बाबा निघाले, मागोमाग आई निघाली, आणि तिच्या मागोमाग, तिला दिसणार नाही अशी, मी.

बाबांनी गाडी कोपऱ्यावरच्या बंद लाँड्रीसमोर उभी केली होती. दोनशे पावलंही नसतील, पण तेवढंही त्यांनी पहिल्या गिअरमध्ये, गुरगुरत नेलं होतं. मी खांबाआड थांबले. बाबा उतरले. बॉनेटला हात लावून, खाली बघत, एकेक पाऊल मोजून टाकत पलीकडच्या दाराशी गेले. आणि आई? आई फिरायला वगैरे गेली नाही. ती सरळ ड्रायव्हरच्या सीटवर बसली, खटका ओढला, सीट खाडकन पुढे घेतली, आरसा खाली केला. गाडी एकदा बंद पडली. दुसऱ्यांदा निघाली.

पोस्टासमोरचा खड्डा तिने असा वळसा घालून काढला की मला सिस्टरांचा डबा आठवला. वळण येईपर्यंत मागचे दोन्ही दिवे दिसत होते. लाल, न लुकलुकता.

मी घरी येऊन चहा टाकला. बुटांसकट आई आली.

"आज किती लांब गेलीस?"

"नेहमीचंच."

"हॉस्पिटलपर्यंत?"

ती स्टुलावर बसली. बाबा आत आले, माझं तोंड बघितलं, आईचं बघितलं. शेवटी मीच म्हटलं, "मी सगळं बघितलंय. आई गाडी चालवते."

"एवढंच ना?" बाबा म्हणाले.

"एवढंच? हे लपवायचं कशाला?"

बाबांनी आईकडे बघितलं. "हौस आहे तिला."

"हौसच," आई लगेच म्हणाली. "केव्हापासूनची." आणि पर्समधून लायसन्स काढून पुढे ठेवलं. फोटोत ती जत्रेत हरवल्यासारखी दिसते.

मग मात्र मी सोडलं नाही. त्यांना सांगितलं की बाईने गाडी चालवणं हे चोरून करायचं काम नाही. बायको चालवते म्हणून नवऱ्याला कमीपणा वाटत असेल तर तो नवऱ्याचा दोष आहे, बायकोचा नाही. कोपऱ्यावर जागा बदलायची, फिरायला जाते म्हणून सांगायचं, हे सगळं लोक काय म्हणतील याच्या भीतीपोटी. आणि त्या लपवाछपवीमुळेच मी इतके दिवस भिंतीवर डोकं आपटत होते. सीट पुढे येते एवढं एक वाक्य कुणी बोललं असतं तर त्याच दिवशी शॉर्ट सापडला असता. बाबा मान खाली घालून ऐकत होते. त्यांना पटत असावं.

"मग यापुढे दारातूनच आई बसेल. उघड. आणि बाबा, तुम्ही रोज सोबत जायची तरी काय गरज? तिला एकटीला जाऊ द्या. आराम करा जरा."

"तुझा हुकूम," बाबा म्हणाले.

"आणि गाडी विकणार नाही आहात ना? मी ऐकलं होतं काहीतरी, कळलं तर जायची नाही म्हणून."

आई उठून चहा गाळायला लागली. बाबा म्हणाले, "दारामागे उभं राहून ऐकणाऱ्याला अर्धंच ऐकू येतं. गाडी कुठे जात नाही. तू तेवढी वेळेवर जा."

आई पाठमोरी होती. तिने गाळणं ठेवलं आणि कपाळ खांद्याला पुसलं. इतकी वर्षं मनात ठेवलेली गोष्ट उघडी पडली की असं होतच असणार.

गुरुवार, २०

नाही उडाला. साहेबांनी दिवे स्वतः तपासले आणि फेरी कायम केली. आई आता दारातून निघते. शेजारच्या काकू बघायला बाहेर आल्या. आईने गाडी गटारात घातली नाही म्हणून त्यांची जरा निराशाच झाली.

मी घरातलं एक तरी दार उघडून चाललेय, असं वाटतं.

रविवार, २३

बसमध्ये लिहितेय. अक्षर हलतंय.

आईने गाडीने स्टँडवर सोडलं. मी पुढे, बाबा मागे. आईला गर्दीत गाडी लावता येईना, पण तिने पार्किंगवाल्याला असा आवाज दिला की त्याने दोन स्कूटर स्वतः सरकवल्या. मला इतका अभिमान वाटला. बाबांनी माझी जड बॅग हट्टाने स्वतः घेतली. मी नको म्हणत होते.

बॅग वर टाकून ते उतरले, आणि मी खिडकीतून बघते तर त्यांची एक चप्पल पार लांब, तिकीट खिडकीपाशीच राहिलेली. मधल्या अख्ख्या खडीवरून ते एका पायाने अनवाणी चालत आले होते. मी ओरडले, "बाबा, चप्पल!" त्यांनी खाली बघितलं, आधी उजव्या पायाकडे, मग डाव्या. बघून मग हसले. "तू निघालीस, चपलेकडे कुणाचं लक्ष," म्हणाले.

आई पळत जाऊन चप्पल घेऊन आली. पण ती त्यांच्यापुढे ठेवायच्या ऐवजी खाली बसली, त्यांचा पाय उचलून गुडघ्यावर घेतला, रुमालाने तळवा पुसला आणि उजेडाकडे वळवून, बोटांच्या बेचक्यांतून, इंच इंच बघायला लागली. बाबा तिच्या डोक्यावर हात टेकून तोल सांभाळत उभे. एवढ्या माणसांत. लोक वळून बघत होते. मला जरा लाजच वाटली.

ड्रायव्हरने हॉर्न दिला. बस हलली. मी खिडकीतून पार वळणापर्यंत हात हलवत होते, पण दोघांपैकी कुणीच वर बघितलं नाही.